ग्रंथालयांचा संघ झाला, ग्रंथपालाचं काय?

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं अशांसाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अं" काढलेत.

आज आपल्याच जिल्ह्यातून सुरुवात करू. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण बोलताना तुमच्या-माझ्या तोंडात अजून 'नगर'च येतं. तर या नगरात जिल्हा वाचनालय सुरू झालं ते १८३८ साली. हे साल किती जुनं आहे बघा. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ला. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ला. म्हणजे आपल्याकडे रेल्वे यायच्या आधी आणि विद्यापीठ निघायच्याही आधी नगरात लोकांना पुस्तक मिळायची सोय होती. महाराष्ट्रात याच्या आधीचं मोठं नाव म्हणजे रत्नागिरी, १८२८. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आपल्यानंतर, १८४०चं.

वाचनालयाचं साल आपण अभिमानानं सांगतो. पण तिथे रोज कुलूप उघडणारा, पुस्तकावर नंबर टाकणारा, "परत कधी आणणार?" असं विचारणारा माणूस? त्याला हे काम कुणी शिकवलं? अडचण आली तर तो कुणाला विचारायचा? त्याचा पगार कोण ठरवायचं? वाचनालयांच्या इतिहासात हा माणूस फारसा भेटत नाही. म्हणून आजचा भाग त्याच्यावर, आणि त्याच्यासाठी म्हणून निघालेल्या संघांवर.

जगात सुरुवात कुठे झाली?

ग्रंथपालांनी एकत्र यायची कल्पना अमेरिकेत रुजली. १८७६ साली फिलाडेल्फियात १०३ माणसं जमली, ९० पुरुष आणि १३ बायका. त्यातून अमेरिकन लायब्ररी असोसिएशन उभी राहिली. पुस्तकांना दशांश पद्धतीनं क्रमांक देणारा मेल्व्हिल ड्युई तिच्या संस्थापकांत होता. पुढच्याच वर्षी, १८७७ला, ब्रिटनमध्ये लायब्ररी असोसिएशन निघाली.

यांना एकत्र का यावंसं वाटलं? कारण प्रत्येक ग्रंथपाल तेच कोडं एकेकट्यानं सोडवत बसला होता. पुस्तकं कशी लावायची, यादी कशी करायची, हरवलेल्या पुस्तकाचं काय करायचं. एकानं शोधलेला उपाय दुसऱ्यापर्यंत पोचायला वाट हवी होती.

बडोद्याची मराठी माणसं

ही वाट आपल्याकडे आणण्यात एका मराठी राजाचा मोठा हात आहे. सयाजीराव गायकवाड. जन्म आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, राज्य बडोद्याचं. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डेन नावाचा ग्रंथपाल बोलावला. बोर्डेननं मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी शिक्षणाचे वर्ग सुरू केले. पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची फिरती ग्रंथालयंही तिथे सुरू झाली.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. १९१२ला बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या धंद्याबद्दल मराठीत वाचायला मिळत होतं! हे काम बघणाऱ्यांत ज. स. कुडाळकर होते. हेच कुडाळकर १९१९ला मद्रासमध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय ग्रंथालय परिषदेचे अध्यक्ष झाले.

तोवर आंध्रात १९१४ला ग्रंथालय संघ निघालाच होता. १९२१ला पुण्यात महाराष्ट्राचा संघ निघाला. बंगाल १९२५, मद्रास १९२८, आणि सगळ्या देशाची भारतीय ग्रंथालय संघटना १९३३, कलकत्त्यात.

आता वजाबाकी करा. नगरचं वाचनालय १८३८, महाराष्ट्राचा संघ १९२१. मध्ये ८३ वर्षं. एवढा काळ आपल्याकडचा ग्रंथपाल एकटा होता.

कंटाळलेला गणिताचा मास्तर

संघ ग्रंथपालाला काय देऊ शकतो, हे बघायचं तर मद्रासला जावं लागेल. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणित शिकवायचे. १९२४ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि वैतागले. दिवसभर नुसतं बसून राहायचं, बोलायला माणूस नाही. परत शिकवायला जावं म्हणत होते. पण विद्यापीठानं त्यांना लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी ग्रंथालयं पाहिली आणि डोळे उघडले. माणूस परत आला तो कायमचा ग्रंथपाल होऊन.

१९२८ला मद्रास ग्रंथालय संघ निघाला तेव्हा रंगनाथन त्याच्या केंद्रस्थानी होते. संघानं पुढच्याच वर्षी, १९२९ला, ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी उन्हाळी शाळा काढली. पुढे ती विद्यापीठानं आपल्याकडे घेतली. म्हणजे आज ज्याला आपण ग्रंथालयशास्त्राची पदवी म्हणतो, त्याची एक मुळी संघाच्या त्या उन्हाळी वर्गात आहे. १९३१ला मन्नारगुडीत बैलगाडीतून पुस्तकं खेड्यांत गेली. आणि शेवटी १९४८ला मद्रासचा ग्रंथालय कायदा आला. त्यात लोकांच्या मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर लावायची सोय होती. हा उपकर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडचा कायदा

कायद्याच्या बाबतीत पहिला मान खरं तर आपला. कोल्हापूर संस्थानानं १९४५ला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासच्या तीन वर्षं आधी. पण संस्थान गेलं आणि तो कायदा इतिहासात राहिला.

त्याआधी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार असताना १९३९ला एक समिती नेमली होती. अध्यक्ष कायद्याचे नामवंत अभ्यासक आसफ अली असगर फैजी. समितीनं १९४०ला सांगितलं की मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि खेडं अशी उतरंड लावा. पण तोवर महायुद्ध सुरू झालं होतं आणि खेरांचं सरकारही राजीनामा देऊन गेलं होतं. कामाला लागायला १९४७ उजाडलं.

महाराष्ट्र झाल्यावर १९६७ला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम मंजूर झाला आणि १ मे १९६८पासून लागू झाला. यातून ग्रंथालय संचालनालय आलं, राज्य ग्रंथालय परिषद आली, जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या. ग्रंथालय निधीत सरकारनं दरवर्षी निदान २५ लाख रुपये टाकायचे असं ठरलं. आणि एक खास गोष्ट या कायद्यानं केली, ती म्हणजे राज्य, विभाग आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवरच्या ग्रंथालय संघांना कायद्यातच जागा दिली. संघ म्हणजे चार हौशी लोकांचं मंडळ राहिलं नाही, सरकारनं ज्याच्याशी बोलायचं अशी ती अधिकृत संस्था झाली.

संघ रोजच्या कामात काय करतो?

समजा तुम्ही अकोल्यात, पाथर्डीत किंवा जामखेडमध्ये एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलात. बारावी झालेली आहे, पुस्तकांची आवड आहे, बाकी काही माहीत नाही. तुमच्यासमोर दाखल नोंदवही येते, देवघेवीची नोंद येते, वार्षिक अहवाल येतो, हिशेब तपासणी येते. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी असते. एक रकाना चुकला की अनुदान अडकू शकतं.

इथे जिल्हा ग्रंथालय संघ कामाला येतो. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत हे संघच चालवतात. नोकरी न सोडता, पुण्या-मुंबईला खोली न घेता, आपल्याच जिल्ह्यात शिकता येतं. वर्गीकरण, तालिकीकरण, नोंदी, सगळं. खेड्यातल्या कितीतरी मुलींनी या वर्गातून आयुष्यातली पहिली नोकरी धरली आहे. त्याशिवाय संघाची वार्षिक अधिवेशनं होतात, जिथे श्रीगोंद्याचा माणूस संगमनेरच्या माणसाला "तुमच्याकडे मुलं येतात का हो?" असं विचारू शकतो. मागण्यांची निवेदनं मंत्रालयापर्यंत संघच नेतो.

राज्य सरकारचे पुरस्कारही आहेत. उत्कृष्ट ग्रंथालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा आणि कार्यकर्ते-सेवकांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा ग्रंथमित्र पुरस्कार. आयुष्यभर मागच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला एक दिवस स्टेजवर बोलावतात. ही गोष्ट लहान नाही.

मग अडतं कुठे?

आता थोडा हिशेब करू, मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडा.

आपल्याकडे ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिलेले आहेत. गावातलं छोटं वाचनालय बहुतेक वेळा 'ड' वर्गात. २०१२च्या दरांप्रमाणे 'ड' वर्गाला वर्षाचं अनुदान ३०,००० रुपये. त्यातलं साधारण अर्धं पगारावर आणि अर्धं पुस्तकं, पेपर, वीज, भाडं यावर. म्हणजे पगाराला १५,०००. भागिले बारा. महिन्याला १,२५०.

हो, महिन्यालाच. पुढची वाढ यायला दहा वर्षं लागली. २०२२ला सरकारनं ६० टक्के वाढ मंजूर केली. तरी तोच हिशेब तेव्हा महिन्याला २,०००च्या आसपास गेला. आपल्यातले कितीजण एवढ्या पैशांत मोबाइलच्या इएमआयचा एक हप्ता भरतात!

असं का? त्याचं मूळ १९६७च्या कायद्यात आहे. मद्रासनं उपकर लावला आणि ग्रंथालयं स्थानिक प्राधिकरणाकडे दिली. आपण उपकर लावला नाही. कारण आपल्याकडे लोकांनीच काढलेली, लोकवर्गणीवर चालणारी वाचनालयं आधीपासून होती, नगरसारखी. ती सरकारच्या घशात न घालता त्यांना अनुदान द्यावं, असा तो विचार होता. विचार चांगलाच होता. म्हणून तर आज राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत आणि ती गावाला आपली वाटतात.

पण या रचनेत ग्रंथपाल मधल्या मध्ये सापडला. सरकार म्हणतं, तो आमचा नोकर नाही, संस्थेचा आहे. संस्था म्हणते, आमच्याकडे पैसे कुठे आहेत, सरकारनं द्यावेत. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर आहे, आणि महिनाअखेरीला पाकीट रिकामं आहे ग्रंथपालाचं.

अशा वेळी संघाकडे बघावं, तर तिथे एक मेख आहे. आपला संघ आहे ग्रंथालय संघ. त्याचे सभासद मुख्यतः ग्रंथालयं, म्हणजे संस्था. संस्थेच्या वतीनं बैठकीला जातात अध्यक्ष आणि कार्यवाह. यातले बरेच जण मनापासून राबणारे असतात, पदरमोड करून वाचनालय जगवणारे असतात. पण पगाराचा प्रश्न निघाला की ते मालकाच्या बाजूला बसलेले असतात, त्यांची इच्छा असो वा नसो. अनुदान वाढवा ही मागणी दोघांची एकच. पण वाढलेल्या अनुदानातला किती भाग पगाराला, सुट्टी किती, काढून टाकलं तर दाद कुठे मागायची, हे प्रश्न एकट्या सेवकाचे.

म्हणूनच ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी पुढे स्वतःच्या वेगळ्या संघटना काढल्या. मुंबईत आझाद मैदानावर धरणी धरली, नागपूरला हिवाळी अधिवेशनावर मोर्चे नेले. वेतनश्रेणी द्या, सेवाशर्ती ठरवा, व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी अमलात आणा, ही त्यांची जुनी मागणी. प्रशिक्षण संघानं दिलं. पण हक्कासाठी वेगळी चूल मांडावी लागली.

आपल्या जिल्ह्याला हे समजायला अवघड जाऊ नये. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी धरलेलं सूत्र सोपं होतं. ज्याचा ऊस, तो सभासद. ज्याचं पोट त्या धंद्यावर, त्याला सभेत मत. ग्रंथालय चळवळीत आपण वाचकाला सभासद केलं, संस्थेला सभासद केलं. ज्याचं पोट तिथे आहे, त्याचं मत मोजायचं मात्र राहून गेलं.

माझं म्हणणं संघ नकोत असं मुळीच नाही. ८३ वर्षं एकटं राहिलेल्या माणसाला संघानंच शिकवलं, ओळख दिली, आणि कायद्यात जागा मिळाली तीही संघटित प्रयत्नांतून. फक्त त्या जागेवर आता ग्रंथपालानं स्वतः बसायला हवं. जिल्हा संघांनी कार्यकारिणीत काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी काही जागा राखल्या, तर त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

आणि आपण काय करायचं? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला रोज ज्या वाचनालयात बसता, तिथल्या ताई किंवा काका महिन्याला किती घेतात हे कधीतरी विचारा. वार्षिक सभेला जा. सभासद असाल तर तुम्हाला तिथे बोलायचा हक्क आहे, आणि त्या सभेला बहुतेक वेळा दहा-पंधरा माणसंच असतात. त्यात तुम्ही चार मित्र गेलात तरी फरक पडतो.

तुमच्या तालुक्यातल्या वाचनालयाची गोष्ट मला व्हॉइस नोट करून पाठवा. वाचनालयाचं साल सांगाच, पण सोबत तिथल्या ग्रंथपालांबद्दलही सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.