संस्थेचें द्रव्य आणि अधिकाऱ्याचा स्वार्थ

जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत पारगांव नांवाचीं गांवें आहेत. सरकारी कागदांत एकाची ओळख ‘तर्फे आळे’ अशी, तर दुसऱ्याची ‘तर्फे अवसरी बुद्रुक’ अशी देतात. तर्फ म्हणजे परगण्याचा पोटविभाग. तर्फेचा कारभार केव्हांच मोडला. परंतु गांवाच्या नांवाला ती अद्यापि चिकटून राहिली आहे, आणि येथील वसूल कोणाच्या हातून कोठें जात असे याची आठवण देत आहे. जेथें वसूल तेथें खर्च, आणि जेथें खर्च तेथें दोन प्रश्न ठरलेलेच: वस्तु कोणीं घेतली, व कोणाकडून घेतली? घेणारा व देणारा आंतून एकच असले तर काय करावें?

विद्यापीठांच्या खरेदीच्या नियमांत या दुसऱ्या प्रश्नास हल्लीं ‘हितसंबंधांचा विरोध’ असें नांव आहे. हा विचार पाश्चात्यांकडून नुकताच आला, असा अनेकांचा समज दिसतो. आपल्याकडील साधनें पाहतां हा समज टिकत नाहीं. त्या साधनांत काय आहे, काय नाहीं, आणि हस्तलिखितें व दप्तरें जमविणाऱ्या आपणां मंडळींस त्यांतून काय घ्यावयाचें आहे, एवढेंच प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे.

प्रथम शिलालेख पाहूं. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघासाठीं त्यानें ३,००० कार्षापण गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेविले. त्यांपैकीं २,००० दरमहा शेंकडा १ या दरानें व १,००० दरमहा शेंकडा पाऊण या दरानें. पहिल्या रकमेचें व्याज वर्षास २४० होतें. आणि २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावे असें लेखांत आहे, म्हणजे बरोबर २४०. हिशेब इतका चोख असूनहि दाता तेथें थांबला नाहीं. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें व रीतीप्रमाणें फलकावर नोंदविलें, असें तो लिहून ठेवतो. खुद्द जुन्नरच्या लेण्यांतहि बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा लेख आहे. ठेव कोणाकडे, दर काय आणि विनियोग कोणता, हें दगडावर चारचौघांसमक्ष कोरलें गेलें. चोरी अशक्य होते असें नव्हे. पण ती लपविणें कठीण होतें. प्रसिद्धि हा पहिला उपाय होय.

दुसरा उपाय कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, व पुढें १९६० पासून प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें काढली, हें वाचकांस विदितच आहे. दुसऱ्या अधिकरणांत द्रव्यापहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत; आणि पाण्यांतला मासा पाणी केव्हां पितो हें कळत नाहीं, तसाच अधिकारी द्रव्य केव्हां खातो हें कळत नाहीं, असा प्रसिद्ध दृष्टांत त्याच्याच पुढील अध्यायांत आहे. दृष्टांत सर्वांस पाठ असतो. त्यालगतच्या व्यवस्थेकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. अधिकारी एकमेकांशीं संगनमतानें वागूं नयेत व भांडूंहि नयेत. कारण एक झाले तर खातील, भांडले तर काम बुडवितील. प्रत्येक खात्यावर अनेक मुख्य असावे, व ते कायमचे नसावे. कौटिल्य माणसाच्या साधुत्वावर विसंबत नाहीं. तो हात वेगळे करतो.

मराठेशाहींत हेंच तत्त्व दरकदारांच्या रूपानें दिसतें. मामलेदाराच्या हाताखालीं दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, पोतनीस, जामदार इत्यादि दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरांतून होई. मामलेदारास त्यांना काढतां येत नसे. ज्याच्या पगाराची दोरी मामलेदाराच्या हातीं नाहीं, तोच मामलेदाराच्या हिशेबावर निर्भयपणें शेरा मारूं शकतो, हें त्यांतलें मर्म होय. गांवांत कुळकर्ण्याचें अक्षर व पाटलाचा नांगर हीं दोन्हीं कागदावर लागत, त्यांतहि हीच दृष्टि आहे.

तिसरा उपाय प्रत्यक्ष खरेदीचा आहे. १९ मे १६७३ च्या पत्रांत शिवछत्रपतींनीं चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांस ताकीद दिली, कीं जें लागेल तें पैसे देऊन बाजारांतून विकत घ्यावें, रयतेस उपद्रव देऊं नये. लष्करासाठीं पैसा दिलेला असतां वस्तु फुकट घेतली, तर तो पैसा कोठें जातो हें सांगावयास नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयीं असाच नियम आहे. रयतेच्या आंब्याफणसास हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन तोडावें, बलात्कार सर्वथा नसावा. घेणारा सत्ताधारी आणि देणारा दुर्बळ असतां किंमत न्याय्य राहत नाहीं, ही जाणीव या दोन्ही कागदांत स्पष्ट आहे.

मग व्यवस्था बिघडली कशी? याचें उत्तर एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत मिळतें. तो परकीय व जेता होता, हें ध्यानांत ठेवूनच त्याची साक्ष घेतली पाहिजे. तथापि या बाबतींत त्याचें निरीक्षण सूक्ष्म आहे. दरबारांतील कारभाऱ्यांस व हिशेबतपासनिसांस प्रथम चोरून रक्कम पोंचविली जाई. हळूहळू ती ठरीव झाली, ‘दरबारखर्च’ म्हणून हिशेबांत उघड पडूं लागली आणि इतर रकमांप्रमाणें तपासलीहि जाऊं लागली. परंतु लांच तर द्यावयाची राहिलीच. म्हणून तीसाठीं नवी गुप्त रक्कम उभी राहिली, तिचें नांव ‘अंतस्थ’. ज्यांनीं तपासावयाचें तेच त्यांतले वांटेकरी, म्हणून तपास खोल जात नसे. आणि मामलेदार वरच्यांच्या नांवानें गोळा करी त्याहून अधिक स्वतःसाठीं ठेवी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलतीच इजाऱ्यानें अधिक बोलीस जाऊं लागल्यावर दरकदारांचा अंकुशहि उरला नाहीं. अनाचार हिशेबांत लिहिला गेला म्हणजे तो धुतला जात नाहीं; त्याच्याखालीं दुसरा थर चढतो.

इंग्रजी अमलांत हा विचार कायद्याच्या भाषेंत आला. १८६० च्या दंडसंहितेंत, जी मालमत्ता विकत घेण्यास कायद्यानें मनाई आहे ती लोकसेवकानें स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नांवानें घेणें हा अपराध ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो कायम आहे. १८८२ च्या न्यास अधिनियमानें, विक्रीसाठीं नेमलेल्या विश्वस्तास ती मिळकत स्वतः घेण्याची बंदी केली. हा कायदा खासगी न्यासांपुरता आहे, पण तत्त्व व्यापक आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमांत, पालिकेच्या कंत्राटांत ज्याचा वांटा आहे तो नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो.

विद्यापीठांकडे वळूं. आपल्या राज्यांत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलांत आहे. राज्यशासनानें आपल्या विभागांच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयानें दिली. केंद्रशासनाचे सामान्य वित्तीय नियम २०१७ चे आहेत. या केंद्रीय नियमांत, दरपत्रकांवांचून होणाऱ्या अगदीं लहान खरेदीच्या वर, तीन सभासदांच्या स्थानिक खरेदी समितीची योजना आहे. वस्तु योग्य दर्जाची आहे, भाव बाजाराप्रमाणें आहे व विक्रेता विश्वासाचा आहे, असा दाखला तिघांनीं मिळून लिहून द्यावयाचा. त्याच नियमांत सचोटीची संहिता आहे; तीप्रमाणें हितसंबंधांचा विरोध असल्यास तो उघड करणें भाग आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. त्यायोगें शासकीय विद्यापीठांचे असे कागद सामान्य माणसास मागतां येतात. कोष्ट्यांच्या ठेवी ज्या निगमसभेंत ऐकविल्या, तिचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाहीं.

कंत्राट नीट पारखलें न गेल्यास भोग कोणास भोगावे लागतात, हें २०१७ सालीं मुंबई विद्यापीठांत दिसलें. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचें काम बाहेरच्या कंपनीस देण्यांत आलें. कुलपतींनीं घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. या प्रकरणांत कोणाच्या स्वार्थाचा आरोप येथें करावयाचा नाहीं. घाईनें ठरलेल्या एका कामानें हजारों विद्यार्थ्यांचा पुढील प्रवेश टांगणीस लागला, एवढेंच दाखवावयाचें आहे.

हितविरोधाची हानि केवळ किंमतींत मोजूं नये. मी ज्या एका शाळेंत अध्यापक होतों, तेथें एका वर्षीं बांकें घेतलीं तीं समितींतील एका गृहस्थांच्या आप्ताकडून. भाव अधिक नव्हता. पण दुसऱ्या वर्षीं बांकांचे पाय निखळूं लागले, तेव्हां तक्रार लिहावयास एकहि शिक्षक पुढें आला नाहीं. भाव रास्त असला तरी जीभ बांधली गेली होती. खरें नुकसान तें.

आतां आपल्या घरची गोष्ट. शंभर बांकांसाठीं तीन दरपत्रकें मागवितां येतात. एका रुमालासाठीं किंवा एका पोथीसाठीं तीं कोठून आणावयाचीं? वस्तु एकमेव, बाजारभाव नाहीं, आणि तिचें मोल सांगूं शकणारे जाणते मोजके. तेच बहुधा संग्राहक, तेच संस्थेचे सभासद, व पुष्कळदां विकणाराचे स्नेहीहि. समजा, पारगांवच्या एखाद्या घरांतून कोणी रुमाल रद्दीच्या भावानें उचलला आणि पुढें त्याच गृहस्थानें मोल ठरविणाऱ्या बैठकींत बसून तो विद्यापीठास दसपट किंमतीनें दिला. तर त्या घराची फसवणूक झाली, विद्यापीठाची झाली. आणि तो रुमाल कोणत्या घरांतला हें लपविलें गेल्यामुळें इतिहासाची सर्वांत अधिक झाली. मूळ ठिकाण हरवलेला कागद अर्धा मुका असतो.

यावर आक्षेप असा येईल, कीं जाणते इतके थोडे असतां, संबंध असलेल्या प्रत्येकास वगळलें तर पारख कोण करील? आक्षेप खरा आहे. परंतु संबंध असणें हा दोष नव्हे. पारगांवच्याच हद्दींत भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखान्यांत ऊंस घालणारा सभासद विकणाराहि असतो व घेणाऱ्या संस्थेचा भागीदारहि. हा दुहेरी संबंध सहकाराचा पायाच आहे. तो चालूं शकतो, कारण ऊंसाची किमान किंमत केंद्रसरकार ठरवितें व ती जाहीर असते. पोथीस अशी जाहीर किंमत नाहीं. म्हणून तेथें निदान संबंध जाहीर असला पाहिजे.

सबब संग्रह विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनें चार नियम पाळावे. विकणाराशीं असलेला आपला संबंध सभासदानें लेखी कळवावा. मोल ठरतेवेळीं त्यानें मत सांगून बैठकींतून उठावें. दोन पारखी असावे, त्यांपैकीं एक बाहेरचा. आणि काय घेतलें, कोणत्या घराण्याचें, केवढ्यास व कोणाच्या पारखीनें, हें मुखपत्रांत छापावें. मुंबई सरकारसाठीं पोथ्या जमवितांना ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन प्रभृतींनीं आपल्या शोधाचे अहवाल छापून ठेविले, आणि त्यामुळेंच तो संग्रह आज विश्वासानें वापरतां येतो. त्या वळणावर किंमत व संबंध यांचा एक रकाना वाढविणें एवढेंच आपलें काम उरलें आहे.