इंग्रजी येतें म्हणजे काय येतें?

‘मुलाला इंग्रजी उत्तम येतें,’ हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतून कित्येक पिढ्या मोठ्या समाधानानें उच्चारलें गेलें आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेंत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे उत्तीर्ण झाले. तेव्हांपासून इंग्रजीची परीक्षा हा आपल्याकडे प्रतिष्ठेचा दरवाजा होऊन बसला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि पुढें रेन व मार्टिन यांचें व्याकरण पाठ करून मुलांनीं तो दरवाजा ठोठावला. परंतु इंग्रजी ‘येतें’ म्हणजे नेमकें काय येतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. ज्यांना तो विचारणें भागच होतें, अशांनीं काढलेल्या एका परीक्षेचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्‌बोधक आहे.

१९१३ सालीं केंब्रिजच्या परीक्षा मंडळानें परभाषिकांसाठीं इंग्रजीच्या प्रावीण्याची एक परीक्षा सुरू केली. आपापल्या देशांत इंग्रजी शिकवूं इच्छिणाऱ्या शिक्षकांना प्रमाणपत्र मिळावें, हा तिचा मुख्य हेतु. परीक्षा एकंदर बारा तासांची. फ्रेंच किंवा जर्मन भाषेंतून इंग्रजींत आणि इंग्रजींतून त्या भाषांत अनुवाद, व्याकरणाचे प्रश्न, निबंध, तीन तासांचें इंग्रजी वाङ्‌मय, दीड तासाचें उच्चारशास्त्र, आणि शेवटीं श्रुतलेखन, वाचन व संभाषण, असा तिचा थाट होता. पहिल्या वर्षीं तीन उमेदवार बसले, आणि तिघेहि नापास झाले.

या वार्तेला कोणी हंसेल; परंतु त्या परीक्षेमागें एक निश्चित मत होतें. भाषा येणें म्हणजे भाषेविषयीं ज्ञान असणें, तिचे नियम सांगतां येणें आणि तिच्या उच्चारांचें शास्त्र अवगत असणें, अशी त्या काळच्या विद्वानांची धारणा होती. हेन्री स्वीट या इंग्रज भाषापंडिताचा प्रभाव त्या काळीं मोठा होता. त्याच १९१३ सालीं बर्नार्ड शॉ याचें ‘पिग्मॅलियन’ हें नाटक व्हिएन्ना येथें प्रथम रंगभूमीवर आलें. त्यांतील उच्चारशास्त्रज्ञाच्या स्वभावांत स्वीटच्या छटा असल्याचें शॉनेंच प्रस्तावनेंत सुचविलें आहे. १९७५ सालीं रंगभूमीवर आलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळें तें कथानक मराठी घराघरांत पोंचलें. उच्चार सुधारला म्हणजे माणूस बदलतो काय, हा त्या नाटकांतला प्रश्न. आणि नियम सांगतां आले म्हणजे भाषा येते काय, हा या परीक्षेंतला. दोन्ही प्रश्न एकाच काळाचीं अपत्यें होत.

परीक्षेला लौकर उत्तर मिळालें. १९३१ पर्यंत उमेदवारांची संख्या पंधराच्या आसपासच घोटाळत राहिली, आणि परीक्षा बंद पडण्याची वेळ आली. १९३२ सालीं उच्चारशास्त्राचा पेपर काढून टाकण्यांत आला. निबंधाचे विषय सर्वसामान्य माणसाच्या आवांक्यांत आणले गेले, आणि परीक्षा तगली. १९३९ सालीं तिची एक धाकटी बहीणहि निघाली. पुढें १९७५ च्या सुधारणेंत ‘इंग्रजीचा वापर’ या नांवाचा पेपर ठळकपणें पुढें आला. या नांवांतच सारा बदल सांठवलेला आहे: भाषेविषयीं काय ठाऊक आहे, यापेक्षां तिचा उपयोग कसा करतां येतो, हें पाहावयाचें. २००२ च्या सुधारित परीक्षेंत शब्दसिद्धीचा एक स्वतंत्र भाग होता, आणि २०१३ च्या सुधारणेनंतरहि तो टिकून राहिला.

या भागाची रीत वरकरणीं सोपी आहे. उताऱ्यांत जागा रिकामी असते, आणि बाजूस एक मूळ शब्द दिलेला असतो. त्यास उपसर्ग किंवा प्रत्यय लावून योग्य रूप बसवावयाचें. समजा, शब्द ‘एबल’ आहे. असमर्थ या अर्थीं विशेषण हवें असल्यास ‘अन्‌’ लावून ‘अनेबल’ होतें. परंतु त्याचेंच नाम हवें असल्यास ‘अन्‌’ चालत नाहीं. ‘इनॅबिलिटी’ असें म्हणावें लागतें. ‘जस्ट’चें ‘अन्‌जस्ट’, पण नाम ‘इन्‌जस्टिस’. ‘इक्वल’चें ‘अनीक्वल’, पण नाम ‘इनिक्वॉलिटी’. असें कां? ‘अन्‌’ हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग, तर ‘इन्‌’ लॅटिनचा. विशेषणें इंग्रजींत रुळलीं तशीं त्यांना घरचा उपसर्ग लागला. नामें मात्र आपला लॅटिन वेष घेऊनच वावरत राहिलीं. गंमत अशी कीं, हे दोन्ही उपसर्ग आणि आपल्या संस्कृतांतील ‘अ’ व ‘अन्‌’ हीं एकाच प्राचीन कुळाचीं लेंकरें आहेत.

‘आहार, विहार, संहार, प्रहार’ ही मालिका शिकलेल्या मराठी वाचकास यांत नवल वाटूं नये. आपल्याहि भाषेंत असे थर आहेत. आपण ‘अनुपस्थित’ म्हणतों आणि ‘गैरहजर’ म्हणतों. ‘अहजर’ मात्र कोणी म्हणत नाहीं. हें आपणांस कोणत्या नियमानें शिकविलें? कोणत्याच नाहीं. तें कानानें शिकविलें.

हा कान केव्हां घडतो, याचा शोध १९५८ सालीं जीन बर्को या अमेरिकन विदुषीनें घेतला. चार ते सात वर्षांच्या मुलांना तिनें एका काल्पनिक प्राण्याचें चित्र दाखवून ‘हा वग’ असें सांगितलें. मग दोघांचें चित्र दाखवून अनेकवचन विचारलें. पूर्वीं कधींहि न ऐकलेल्या शब्दाचें बिनचूक रूप शंभरांपैकीं एक्याण्णव मुलांनीं सांगितलें. परंतु ‘झिब’ या काल्पनिक क्रियापदावरून ती क्रिया करणाऱ्या माणसाचें नांव विचारतांच प्रौढांनीं प्रत्यय लावून ‘झिबर’ म्हटलें; मुलांपैकीं मात्र शंभरांत अकराचजणांनीं तसें केलें. अनेकवचन बाळपणींच येतें. एका शब्दांतून दुसरा घडविण्याची कला मागाहून, पुष्कळ ऐकून-वाचून येते. यास्तव वरच्या पायरीवरील परीक्षेंत शब्दसिद्धि असावी, हें योग्यच आहे.

तथापि येथेंच एक इशारा देणें अवश्य आहे. परीक्षा जें मोजते, त्याचीच लोक तयारी करतात. शब्दसिद्धीच्या याद्या पाठ करणारा विद्यार्थी, ध्वनिशास्त्राच्या व्याख्या घोकणाऱ्या विद्यार्थ्याहून फारसा निराळा नव्हे. कान याद्यांनीं घडत नाहीं. तो ग्रंथांच्या आणि माणसांच्या सहवासांत घडतो. १९१३ सालचे ते तीन उमेदवार कोणत्या विषयांत कमी पडले असोत, त्यांच्या अपयशानें परीक्षकांनाहि विचार करावयास लावलें असेल, तर तें फुकट गेलें नाहीं. आपल्या घरांतील मुलाचें गुणपत्रक हातीं घेतांना हा इतिहास आठवावा. आणि त्याला किती गुण पडले याबरोबरच, तो गेल्या महिन्यांत आपण होऊन कोणतें पुस्तक वाचीत होता, हेंहि एकदां विचारावें.