न खोकण्याची विद्या : क्षयरोग्यांच्या आरोग्यधामापासून वाचोपचाराच्या खोलीपर्यंत

#धागा

१/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत एक विलक्षण नियम होता. रुग्णाने विनाकारण खोकायचे नाही! कफ सुटणार असेल तर खोकावे. पण नुसती घशात खवखव झाली, तर ती उबळ तिथेच थोपवावी. जर्मन भाषेत याला ‘हुस्टेनडिस्झिप्लिन’ म्हणत, म्हणजे ‘खोकल्याची शिस्त’.

२/
या आरोग्यधामांची परंपरा हेर्मान ब्रेमर या वैद्यापासून सुरू होते. त्याने १८५४ मध्ये सायलेशियातील ग्योरबर्सडॉर्फ या डोंगराळ गावी (आज ते पोलंडमध्ये आहे) क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. त्याचाच रुग्ण आणि पुढे सहकारी झालेला पेटर डेटवाइलर याने १८७६ मध्ये फाल्केनश्टाइन येथे आपले स्वतंत्र आरोग्यधाम सुरू केले. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, भरपूर आहार आणि काटेकोर शिस्त हा तिथला उपचार. रॉबर्ट कॉखने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला तो १८८२ मध्ये. म्हणजे रोगाचे कारण हाती येण्याआधीच रुग्णाच्या श्वासावर आणि खोकल्यावर बारीक नजर ठेवणारी एक संस्था उभी राहिली होती.

३/
या शिस्तीमागचा तर्क साधा होता. खाजवल्याने खाज वाढते, तसा खोकल्याने खोकला वाढतो. कोरड्या उबळीने काही बाहेर पडत नाही. फक्त फुप्फुस हादरते आणि घसा आणखी सोलवटतो. ‘शिस्त’ हा शब्द आजाऱ्याच्या कानाला जाचक वाटला असेल, हे खरे. पण त्या शब्दात एक महत्त्वाचे निरीक्षण दडले होते: शिंक माणसाला सहजी आवरत नाही, खोकला मात्र काही अंशी आवरता येतो.

४/
आपल्याकडील वैद्यकानेही कोरड्या खोकल्याला वेगळे स्थान दिले होते. चरकसंहितेत कासाचे पाच प्रकार आहेत: वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. पैकी वातज कास म्हणजे कोरडा, छाती-बरगड्या दुखवणारा खोकला. आणि त्याच्या लक्षणांत स्वरभेद, म्हणजे आवाज बिघडणे, हेही सांगितलेले आहे. खोकला आणि आवाज यांची ही जवळीक लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

५/
आरोग्यधामांची ही लाट महाराष्ट्रातही आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. मिरजेला मिशनच्या वैद्यकीय कार्यातून क्षयरोग्यांसाठी वॉनलेस यांच्या नावाचे आरोग्यधाम उभे राहिले. ज्यांना डोंगर परवडत नसे किंवा मानवत नसे, ते समुद्राकडे वळत. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग १८६४ पासून होताच. त्याला लागून डहाणू, चिखले, घोलवड, बोर्डी असा किनारा पसरलेला. पारशी-इराण्यांच्या चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि खारा वारा. ‘हवापालट’ हा शब्द मराठी घरांत ज्या काळात रुळला, तो हाच काळ.

६/
मग औषधे आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले. मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रकाशित झाले: घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात. जगभरच्या आरोग्यधामांचे प्रयोजनच त्यामुळे संपत गेले. हे फार चांगले झाले, यात शंका नाही. पण इमारती रिकाम्या झाल्या तशी तिथली एक छोटी विद्याही अडगळीत गेली. न खोकण्याची.

७/
यानंतर खोकल्याकडे पाहण्याची रीत बदलली. तो आता आवरायचा नव्हता, ओळखायचा होता. भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि खोकला ही क्षयाची पहिली खूण म्हणून घरोघरी पोचली. आधी तीन आठवड्यांची मुदत होती, पुढे ती दोन आठवड्यांवर आली: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा.

चिखले किंवा तलासरीसारख्या भागात हा नियम आजही पहिला आणि योग्यच आहे. चुलीचा धूर, वीटभट्टीवरचे हंगामी काम, कुपोषण असे सगळे जिथे एकत्र येते, तिथे खोकला आधी क्षयाच्याच संशयाने पाहायला हवा.

८/
प्रश्न उरतो तो तपासणीनंतरचा. थुंकीत जंतू नाहीत, छातीचा फोटो स्वच्छ, आणि खोकला तर वर्षभर चालूच! अशा माणसाचे काय?

प्रौढांमध्ये आठ आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याला वैद्यक दीर्घकालीन खोकला म्हणते. अमेरिकेत रिचर्ड अर्विन आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९८१ या काळात त्याची कारणे पद्धतशीर शोधण्याची रीत घालून दिली. दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव, जठरातील आम्ल वर येणे. पुढे रक्तदाबाची काही औषधेही या यादीत आली. कारण सापडले की उपचार सापडे.

ज्यांचे कारण सापडत नसे, त्यांना मात्र एकच शेरा मिळे: ‘सवयीचा’ किंवा ‘मानसिक’ खोकला.

९/
हा शेरा कोणाच्या वाट्याला जास्त आला असेल? २०१४ मध्ये अनेक देशांतील खोकल्याच्या विशेष दवाखान्यांच्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या, बहुतेक पन्नाशी-साठीच्या. उबळीसरशी लघवीचे थेंब जाणे, बरगडी दुखावणे, कीर्तनात किंवा सभेत बसण्याची चोरी होणे, हे सारे सोसणाऱ्या बाईला ‘तुमच्या मनात आहे’ असे सांगणे फार सोपे होते. आपल्याकडे त्यात क्षयाचा कलंकही मिसळतो. तपासणी कितीही स्वच्छ निघो, शेजारी पेला वेगळा ठेवतात.

१०/
उत्तर आले ते अनपेक्षित दिशेने, आवाजाच्या उपचारकांकडून.

खोकताना काय घडते ते पाहिले की यातले नवल ओसरते. आधी खोल श्वास. मग स्वरयंत्रातील दोन्ही पट्ट्या घट्ट मिटतात, खाली दाब साचतो, आणि पट्ट्या उघडताच हवा स्फोटासारखी बाहेर पडते. याच पट्ट्यांनी माणूस बोलतो आणि गातो. म्हणजे ज्याला स्वरयंत्राला वळण लावता येते, तो खोकल्याच्या दाराशीच बसलेला असतो. स्वरभेद वातज कासाच्या लक्षणांत नोंदवणाऱ्यांना हे शेजारपण दिसलेच होते.

११/
१९८८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे फ्लॉरेन्स ब्लेगर आणि सहकाऱ्यांनी आवाजाच्या उपचारातील तंत्रे खोकल्याला लावून पाहिली. तो लहान, प्राथमिक प्रयोग होता.

खरे वळण २००६ चे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन व्हर्टिगन आणि पीटर गिब्सन यांच्या गटाने औषधांना न जुमानणाऱ्या खोकल्याचे ८७ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला वाचोपचार, म्हणजे ज्याला सर्वत्र स्पीच थेरपी म्हणतात, तो मिळाला. दुसऱ्याला निरोगी राहणीचे सर्वसाधारण मार्गदर्शन. पहिल्या गटात ८८ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला, दुसऱ्यात १४ टक्के.

१२/
त्या बैठकांत शिकवले काय? खवखव जाणवताच, उबळ येण्याआधी, आवंढा गिळणे किंवा पाण्याचा घोट घेणे. नाकाने हळू श्वास घेऊन ओठ चंबूसारखे करून सोडणे. सारखे खाकरणे बंद. घसा ओला ठेवणे, धुरापासून दूर राहणे. आणि यासोबत रुग्णाला समजावणे की हा खोकला शरीराच्या कामाचा नाही, म्हणून तो दाबल्याने अपाय होणार नाही.

फाल्केनश्टाइनच्या वैद्यांना हे सारे ओळखीचे वाटले असते. फरक इतकाच की तिथे नियम होता, इथे शिकवणी आहे. आणि इथे आधी इतर सर्व कारणे तपासून दूर केलेली असतात. कफ, रक्त, ताप किंवा वजनातील घट असेल तर ही शिकवणी लागू नाही. तिथे खोकला दाबणे धोक्याचे.

१३/
‘मग शेवटी मनाचाच खेळ ना?’ ही शंका रास्त आहे, आणि तिला उत्तरही मिळाले. मिरचीच्या फोडणीने सर्वांनाच ठसका लागतो; या रुग्णांना उदबत्तीचा वास, थंड वारा, फोनवरचे चार शब्दही पुरतात. मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, हुंगवून खोकल्याची संवेदनशीलता मोजता येते. २०१० मध्ये याच ऑस्ट्रेलियन गटाने दाखवले की वाचोपचारानंतर ती संवेदनशीलताच कमी होते. म्हणजे मज्जातंतूंची चिथावणी खरी होती, आणि सरावाने ती शमत होती. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ७५ रुग्णांच्या अभ्यासातही यंत्राने मोजलेली खोकल्याची वारंवारता ४१ टक्क्यांनी घटली. हे अभ्यास आकाराने लहान आहेत, हे विसरू नये. पण ‘मानसिक’ हा शेरा त्यांनी पुसून टाकला.

१४/
भारतात ही विद्या का पोचली नाही? उपचारक नव्हते म्हणून नाही. मैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था साठच्या दशकातली. मुंबईत नायर रुग्णालयातील अभ्यासक्रमही त्याच दशकातला. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली.

पण हा व्यवसाय इथे वाढला तो बहिरेपणा, तोतरेपणा आणि मुलांच्या बोलण्याभोवती. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने तो रीतसर अपंग पुनर्वसनाच्या कप्प्यात नोंदला गेला. छातीचे डॉक्टर एका इमारतीत, वाचोपचारक दुसऱ्या. खोकल्याचा रुग्ण बोलू शकतो, ऐकू शकतो. त्याला तिकडे कोण पाठवणार?

१५/
चिखल्याच्या माणसापुरता हिशेब असा. थुंकीची तपासणी आज तालुक्यात होते. वाचोपचार शिकवणाऱ्या जुन्या संस्था मात्र मुंबईत, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येते. चिखले त्याच्याही पुढे, घोलवडच्या वाटेवर. ऑस्ट्रेलियातील त्या प्रयोगात दोन महिन्यांत चार बैठका होत्या. म्हणजे चार दिवसांची मजुरी, चार वेळा डहाणू रोड गाठणे, आणि लोकलच्या गर्दीत चार वेळा खोकत जाणे.

(धागा समाप्त)