शिरूर म्हणजे कोणतं शिरूर?

बातमीदारीच्या सुरुवातीला मी गारपिटीची एक बातमी पाठवली होती. वर फक्त 'शिरूर' लिहिलं. डेस्कवरच्या भल्या माणसाने ती पुणे जिल्ह्याच्या पानावर लावली. त्याला घोडनदीचं शिरूर आठवलं, त्याची काय चूक? आपल्या एकट्या लातूर जिल्ह्यात दोन आहेत, शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. बीडमध्ये शिरूर कासार. जळकोट आपल्याकडे तालुका, आणि नळदुर्गाजवळ तुळजापूर तालुक्यात दुसरं जळकोट. नांदेडकरांचं तर विचारूच नका. मुदखेडला रेल्वे जंक्शन, मुखेडला रेल्वेच नाही, आणि पाहुणा हमखास चुकीच्या गावी निघतो.

हा घोळ जुना आहे आणि त्यावरचा उपायही जुना. अनंतपाळ, ताजबंद, कासार ही शेपटं कुणी हौसेने लावलेली नाहीत. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली तर मोठं किंवा जुनं ते बुद्रुक, लहान ते खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले. बुजुर्ग म्हणजे थोर, खुर्द म्हणजे लहान. सातबाऱ्यावर त्यांचं बु. आणि खु. झालं. पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द यातला फरक पहिल्याच रिक्षाभाड्यात कळतो.

पुढे टपालाची वेळ आली. सारखी नावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यामुळे पत्रं भलतीकडे जात. त्यावर पिनकोडचा उपाय काढला तो एका मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रात दळणवळण खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन सुरू झाला. लातूर ४१३५१२, नांदेड ४३१६०१. पहिले तीन आकडे बघा. ४१३ मध्ये आपण सोलापूरबरोबर आहोत, ४३१ मध्ये नांदेड संभाजीनगरबरोबर. टपालाच्या नकाशाने मराठवाडा असा वाटून घेतलाय, ही जाता जाता गंमत.

त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, अमेरिकेत बेल लॅब्समध्ये डेनिस रिची 'सी' ही संगणकाची भाषा घडवत होते. तिच्यात मॅक्रो नावाची सोय आली. अर्थ सोपा: हे नाव दिसलं की त्याजागी अमुक लिही. मॅक्रो ज्या फायलीत लिहून ठेवतात ती हेडर फाइल. अडचण अशी, की मॅक्रोला शिव माहीत नाही. फाइल एकदा आत घेतली की तिच्यातली नावं पुढच्या सगळ्या मजकुरात आंधळेपणाने बदलत जातात.

याचा सगळ्यात जास्त त्रास ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना. प्रिंटर, बॅटरी, वायफाय यांच्याशी संगणकाचं बोलणं करून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो डझनावारी हेडर आत घेतो. लिनक्समध्ये 'करंट' हा मॅक्रो आहे, अर्थ 'सध्या चालू असलेलं काम'. आता बॅटरीचा ड्रायव्हर लिहिणारा पोरगा विजेच्या प्रवाहाला साहजिकच करंट नाव देतो. मग संगणक भलत्याच नावाने चूक दाखवतो, आणि पोरगा रात्रभर आपल्याच ओळी तपासत बसतो. विंडोजच्या हेडरमध्ये 'निअर' आणि 'फार' हे शब्द कोरे करून ठेवलेत. सोळा बिटांच्या काळात त्यांना काम होतं, ते संपलं, नावं राहिली. तुम्ही ती वापरली की तुमच्या ओळीतून शब्दच गायब. एका हेडरमध्ये तर 'स्मॉल' या नावावरच दुसऱ्याचा ताबा आहे. म्हणजे खुर्दलाच खुर्द म्हणायची सोय उरली नाही!

त्यांनी उपाय काय काढला? आपलाच. प्रत्येक नावाआधी आपल्या ड्रायव्हरचं नाव लावायचं, नुसतं करंट नाही, बॅटरी-करंट. दोन परक्या हेडरांचं भांडण असेल तर एकाचा मॅक्रो मध्येच रद्द करतात, पण मग पुढे तो खरोखर हवा असेल तर मिळत नाही. त्यापेक्षा दोघांना वेगळ्या फायलीत बसवलेलं बरं. मला विचाराल तर नावच पूर्ण लिहिणं सगळ्यात स्वस्त.

हे सगळं आठवलं ते अहमदपूरकडच्या एका काकांमुळे. नुकसानभरपाईच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये गाव निवडायचं होतं. रकाना अरुंद, त्यामुळे बु. आणि खु. कापले गेलेले. यादीत एकाच नावाच्या दोन ओळी. काकांनी वरची दाबली. गट नंबर जुळेना, पैसे अडकले. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे. तो नावापुढे छापला असता तरी भागलं असतं. काकांचे दोन अर्ज झाले, तीन चकरा झाल्या. दुरुस्ती झाल्याचं त्यांना सांगितलं गेलं.

परवा मी फोन करून विचारलं, "काका, आता यादीत काय दिसतंय?"

म्हणाले, "दोन्ही ओळी अजून सारख्याच आहेत बघा. या बारीला खालची दाबलीय."