पाणबुड्याचे सामान आणि विमानातला दाब

सीवूड्सच्या किनाऱ्यावरून पनवेल खाडीपलीकडे पाहिले की उलव्याचा परिसर दिसतो. तेथील नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. समजा, एखादा हौशी पाणबुडा आपले सामान घेऊन विमानाने निघाला. त्याला काही नियम पाळावे लागतात. हवेने भरलेले सिलिंडर न्यायचे नाही. सुरी हातातल्या पिशवीत ठेवायची नाही. पाण्याखालच्या प्रखर विजेरीतून बॅटरी वेगळी काढायची. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मात्र आपल्याजवळच ठेवायच्या. आणि परतताना, शेवटच्या बुडीनंतर निदान काही तास विमानात बसायचेच नाही. ही यादी वरवर कारकुनी वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील काही कलमांमागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम सिलिंडर घेऊ. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० वातावरण दाबाने हवा भरली, तर बाहेर मोकळी केल्यावर ती सुमारे २,४०० लिटर जागा व्यापेल. विमान उंच गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, म्हणून सिलिंडर फुटेल, अशी अनेकांची समजूत असते. ती तपासून पाहू. प्रवासी विमानात कृत्रिम दाब ठेवलेला असतो आणि तो सहसा पाऊण वातावरणाच्या खाली जाऊ देत नाहीत. म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचा ताण १९९ वरून १९९.२५ होईल. एवढ्याने काही बिघडत नाही. खरा धोका आहे तो आग लागून सिलिंडर तापण्याचा किंवा आपटून झडप तुटण्याचा. या हवेत साठलेली ऊर्जा एक टन वजन सुमारे ४० मीटर उंच उचलण्याइतकी असते. सिलिंडर रिकामे आहे की भरलेले, हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच रिकामे सिलिंडर स्वीकारणाऱ्या विमान कंपन्याही त्याची झडप काढायला सांगतात. बहुतेक पाणबुडे सिलिंडर आणि शिशाची वजने मुक्कामी भाड्यानेच घेतात.

विजेरीचे कारण वेगळे आहे. तिचा दिवा पाण्यात थंड राहतो. कपड्यांच्या घडीत तोच चुकून पेटला, तर आग लागू शकते.

हातातून न्यायची मौल्यवान वस्तू म्हणजे रेग्युलेटर. सिलिंडरमधला प्रचंड दाब कमी करून, पाणबुडा ज्या खोलीवर असेल तेथील दाबाइतकी हवा तो श्वासागणिक पुरवतो. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये रुकेरॉल आणि दनेरूझ यांनी असे साधन बनवले होते. पण उच्च दाब पेलणारी हलकी सिलिंडरे तेव्हा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई झाली. तेव्हा एमिल गान्यां या अभियंत्याने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार केली होती. नौदलातील अधिकारी झाक कुस्तो यांच्यासमवेत तिच्यात फेरबदल करून त्याने १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले. माणूस दोरी आणि नळी यांतून मुक्त झाला.

परंतु दाबाखाली श्वास घेतल्याची किंमत शरीराला द्यावी लागते. तिचा पहिला सुगावा समुद्रात लागला नाही, तर निर्वात पंपाखाली लागला. रॉबर्ट बॉइल यांनी एका विषारी सापाला पंपाच्या भांड्यात ठेवून हवा काढून घेतली. सापाच्या डोळ्यातील द्रवात एक बुडबुडा हलताना त्यांना दिसला. हे निरीक्षण १६७० मध्ये प्रसिद्ध झाले. दोनशे वर्षांनी अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर पूल बांधताना, दाबाखालच्या हवाबंद कक्षात काम करणारे मजूर वर आल्यावर वेदनेने वाकू लागले. काही दगावलेही. ‘बेंड्स’ हे नाव या वाकण्यावरूनच पडले.

कारण सांगितले फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी. १८७८ च्या त्यांच्या ग्रंथात उंच गेलेला बलूनवाला आणि खोल गेलेला पाणबुडा या दोघांचाही विचार आहे. दाब जास्त असताना हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक विरघळतो. दाब झपाट्याने उतरला की त्याचे बुडबुडे होतात, असे त्यांनी दाखवले. पुढे जे. एस. हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बोकडांवर प्रयोग केले. (भारताचे नागरिकत्व घेतलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र.) १९०८ मध्ये त्यांनी नियम मांडला: दाब एकदम निम्मा झाला, तरी सहसा विकार होत नाही, त्याहून जास्त उतरायचा असेल, तर टप्प्याटप्प्याने वर यावे.

आता विमानाकडे वळू. ९ मीटर खोलीवर दाब सुमारे १.९ वातावरण असतो. तेथे दीर्घकाळ राहिलेल्या पाणबुड्याच्या ऊती त्या दाबाशी जुळलेल्या असतात. तो पृष्ठभागावर आला की गुणोत्तर १.९, म्हणजे हॉल्डेनच्या मर्यादेत. पण तो लगेच विमानात बसला, तर १.९ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे २.५! समुद्रातून सुखरूप वर आलेला माणूस आकाशात आजारी पडू शकतो, तो असा. आज प्रत्येक ऊतीसाठी वेगळी मर्यादा धरतात, पण मूळ तर्क हाच आहे. २००२ मधील तज्ज्ञांच्या परिषदेनंतर पुढील सल्ला रूढ झाला: टप्प्याटप्प्याने वर येण्याची गरज नसलेल्या एकाच बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. अनेक जण सरळ २४ तास थांबतात.

हा सल्ला घाटरस्त्यालाही लागू आहे. मालवणला बुड्या मारून आंबोलीमार्गे बेळगावकडे निघालेली मोटार सुमारे ७०० मीटर वर चढते. पर्यटकांच्या उथळ, अल्पकाळच्या बुडीत धोका फारच कमी असतो. खोल आणि वारंवार बुड्या मारणाऱ्याने मात्र घाटाचाही हिशेब करावा.

वर्गात हे दाखवायला समुद्राची गरज नाही. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये थोडे सोडावॉटर घ्या. फसफस थांबू द्या. द्रव शांत दिसू लागला की आतली हवा बाहेर ढकला, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. शांत द्रवात पुन्हा बुडबुडे उठतील. वायू गेलेला नव्हता. तो विरघळलेलाच होता. बुडीनंतर ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणून त्याच संध्याकाळच्या विमानात बसू पाहणाऱ्या माणसाची स्थिती नेमकी अशीच असते. सिलिंडर रिकामे करता येते, विजेरीची बॅटरी काढता येते. शरीरातला नायट्रोजन मात्र श्वासावाटे आपल्या गतीनेच बाहेर पडतो. तेवढा वेळ त्याला द्यावाच लागतो.