नायोबी काय म्हणाली असेल?

ग्रीक पुराणकथा लहान मुलांना कशा शिकवाव्यात, हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात तो स्पष्टपणे मांडला. क्रोनसने पित्याची आणि झ्यूसने क्रोनसची केलेली दुर्दशा, देवादेवांतील संग्राम, असल्या कथा मुलांच्या कानी पडू नयेत, असे त्याचे मत. रूपक कोणते व शब्दशः खरे कोणते हे बालकास उमगत नाही, आणि त्या वयात मनावर उमटलेले सहसा पुसले जात नाही, हा त्याचा युक्तिवाद.

शाळांनी मात्र त्याचे ऐकले नाही. इजिप्तमध्ये सापडलेली, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील एक ग्रीक शालेय पोथी १९३८ साली प्रसिद्ध झाली. तीत अक्षरांच्या जोडण्यांनंतर शब्दांच्या याद्या आहेत. त्यांत देवतांची आणि नद्यांची नावे आहेत. पुढे होमर व युरिपिडीस यांचे उतारे येतात. देव असे बाराखडीबरोबरच भेटत. तथापि याद्या घोकल्याने देव ओळखीचे होत नाहीत.

ती ओळख करून देण्याची युक्तीही ग्रीकांपाशी होती. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील अँटिऑकच्या अॅफ्थोनियसने किंचित मोठ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले अभ्यासपाठ उपलब्ध आहेत. त्यांतील एका पाठात प्रश्न असा : आपली सारी मुले मरून पडलेली पाहून नायोबी काय म्हणाली असेल? लेटो देवीपेक्षा आपल्याला अपत्ये अधिक, या गर्वापायी अपोलो व आर्टेमिस यांनी तिची मुले मारली, ही कथा वर्गाला ठाऊकच असे. विद्यार्थ्याने नायोबीच्या मुखाने बोलायचे. आधी वर्तमान दुःख, मग गतवैभव, शेवटी पुढील आयुष्य. दुसऱ्या एका पाठात अपोलोपासून पळणाऱ्या डॅफ्नेची कथा असंभाव्य ठरवायची, आणि लगेच पुढच्या पाठात तीच संभाव्य ठरवायची! प्लेटोच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर आम्हांस दिसत नाही. कथेवरच प्रश्न विचारण्याची सवय लागलेले मूल तिच्यामुळे बिघडण्याचे भय फारसे नाही.

पुढे या देवांची पूजा लोपली, आणि युरोपातील मुलांना ते बहुधा लॅटिनच्या धड्यांतून भेटू लागले. एकोणिसाव्या शतकात त्यांना पुन्हा घरगुती आवाज मिळाला. रोमचा इतिहासकार नीबुर हा प्रशियाचा वकील म्हणून १८१६ ते १८२३ रोममध्ये होता. तिथे जन्मलेल्या मार्कुस या आपल्या मुलासाठी त्याने ग्रीक वीरांच्या कथा सोप्या भाषेत लिहिल्या. त्या १८४२ साली त्या मुलानेच प्रसिद्ध केल्या. परमुलखी नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांना या बापाची निकड सांगावयास नको.

अमेरिकेत हॉथॉर्नने १८५१ साली 'वंडर-बुक' लिहिले. त्यात एक विद्यार्थी मुलांच्या घोळक्याला कथा सांगतो आणि मुले मध्येच त्याला अडवतात. ओव्हिडच्या मिडास राजाला मुलगी नाही. त्याचे अन्न सोन्याचे होते आणि भुकेने तो कासावीस होतो. हॉथॉर्नने त्याला मेरीगोल्ड नावाची मुलगी दिली, आणि हिच्याविषयी माझ्याखेरीज कोणी ऐकलेले नाही, अशी कबुलीही निवेदकाकडून देवविली. बापाच्या चुंबनाने ती सोन्याची होते, त्या क्षणी लोभाचा अर्थ मुलाला कळतो. पुस्तकातील एक विद्वान गृहस्थ या फेरफारांवर नाराजही होतात. त्यांना उत्तर मिळते की, प्राचीन कवींनीही हेच केले.

आमच्या मते शिक्षकाने दोन्ही वाटा धराव्यात. मिडासची कथा दोन्ही रूपांत सांगावी, आणि मुलीवाचून ती अपुरी वाटते का, हे वर्गालाच विचारावे. नायोबीची शिक्षा न्याय्य होती का, यावर दोन तट पाडून मुलांना भांडू द्यावे. असे न केल्यास हाती केवळ नावांची यादी उरते. परप्रांतात वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या बाबतीत नळ-दमयंती आणि सत्यवान-सावित्री यांचीही तीच गत होऊ शकते. झ्यूसच्या देवळांत आज पुजारी नाहीत; त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात, याचे कारण दर पिढीत कोणी ना कोणी त्या मुलांच्या तोंडी पुन्हा दिल्या, हेच होय.