रायगडची राजसभा आणि ध्वनिव्यतिकरणाचे प्रायोगिक अध्यापन

रायगडाच्या राजसभेत नगारखान्याजवळ हलक्या आवाजात उच्चारलेला शब्द सिंहासनाच्या जागी ऐकू येतो, असे गडावर येणाऱ्यास आवर्जून सांगितले जाते. अनेकजण ते पडताळूनही पाहतात. परंतु आजच्या या अनुभवावरून 1674 च्या राज्याभिषेकसमयीच्या सभेविषयी अनुमान करणे कितपत युक्त आहे, हा प्रश्न इतिहासाइतकाच पदार्थविज्ञानाचाही आहे.

थॉमस यंग याने 1800 साली ध्वनीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन स्वरांच्या मीलनातून उत्पन्न होणाऱ्या विस्पंदांचा विचार त्यास पुढे प्रकाशाच्या व्यतिकरणाकडे घेऊन गेला. आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी विजापूरच्या गोलघुमटातील कुजबुजीचा अभ्यास केला. तेथे ध्वनितरंग वक्र भिंतीला धरून पुढे सरकतात. रायगडच्या सभेवर घुमट नाही. म्हणून ती उपपत्ती येथे जशीच्या तशी लावता येत नाही.

याचा उलगडा विद्यार्थ्यांस करून देण्यास गडाच्या पायथ्याचे पाचाड सोयीचे आहे. गडावरील वारा व थंडी मानवत नसल्याने जिजाबाईंसाठी येथे वाडा बांधला गेला, असे परंपरा सांगते. 17 जून 1674 रोजी त्यांचे देहावसानही येथेच झाले. वाऱ्यामुळे ध्वनीचे वक्रीभवन होते, म्हणून प्रयोगासही शांत हवेचे मोकळे पटांगणच हवे. दोन मीटर अंतरावर दोन ध्वनिवर्धक ठेवून दोहोंतून 340 वारंवारतेचा एकच स्वर काढावा. त्याची तरंगलांबी सुमारे एक मीटर असते. पाच मीटर दूर, मध्यरेषेपासून सुमारे 1.3 मीटर बाजूस सरकले असता दोन मार्गांतील अंतर अर्धा मीटर होते आणि स्वर क्षीण होतो. आवाज वाढविल्याने नव्हे, तर केवळ जागा बदलल्याने हा भेद पडतो, हे विद्यार्थी स्वतःच्या कानांनी जाणतो.

हाच विद्यार्थी नंतर सुमारे 220 फूट लांब व 124 फूट रुंद राजसभेत उभा राहिला, की दुसऱ्या ध्वनिवर्धकाचे कार्य तेथे भिंतीवरून परावर्तित झालेला तरंग करतो, हे त्याच्या ध्यानी येते. थेट व परावर्तित तरंग कोठे एकमेकांस पोषक ठरतात व कोठे मारक, हे जागोजागी ऐकून नोंदविता येते. मात्र 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफा व आग यांनी गडावरील इमारतींची मोठी हानी झाली. आज उरले आहेत ते उघडे पाषाण. वस्त्रे व जनसमुदाय ध्वनी शोषून घेतात. भरल्या सभेतील श्रवण आजच्यासारखे असणे शक्य नाही. तेव्हा हिरोजी इंदुलकरांच्या स्थापत्यकौशल्याचा गौरव करावयाचा तो या एका चमत्कारावर विसंबून करू नये. आजची वास्तू कसा ध्वनी देते, एवढेच प्रयोग सांगतो. तो परिणाम मुद्दाम साधला होता काय, याचे उत्तर ऐतिहासिक साधनांतच शोधले पाहिजे.